ट्रिगरच्या हातातली ओळ

पहाटे साडेपाचला दूध संकलन केंद्रावर रांग लागते. किटली काट्यावर चढते, लिटर दिसतात, नमुना फॅट मशीनला लागतो, फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून उरलेल्या घनपदार्थांचे) आकडे उमटतात आणि सभासदाच्या हातात पावती पडते. पावतीवर दर असतो, रक्कम असते. केंद्राच्या डेटाबेसला ट्रिगर लावलेला असेल तर ही रक्कम कोणी बसून काढत नाही. नोंद टेबलात शिरता शिरता डेटाबेसच एक छोटं फंक्शन चालवतो. ते येणारी ओळ हातात घेतं, दरपत्रक बघतं, रक्कम भरतं आणि ओळ पुढे सोडतं. यालाच ट्रिगर फंक्शन म्हणतात.

या फंक्शनच्या डोक्याशी चार-पाच ओळींचा एक भाग असतो. आत जी व्हेरिएबल लागणार त्यांची नावं आणि प्रकार तिथे जाहीर करायचे. लिहिणाऱ्याचं सगळं लक्ष खालच्या हिशेबावर असतं, त्यामुळे हा भाग घाईत उरकला जातो. पुष्कळदा दुसऱ्या फंक्शनमधून उचलून तसाच चिकटवला जातो. ट्रिगरमधल्या ज्या चुका शोधताना माझे दिवस गेले, त्यांतल्या बऱ्याच याच भागात दडलेल्या निघाल्या. व्हेरिएबलचा प्रकार लिहिताना आपण एका प्रश्नाचं उत्तर देत असतो: हातात येणाऱ्या ओळीबद्दल मला नक्की किती माहीत आहे? जेवढं माहीत आहे तेवढंच लिहावं. जास्त लिहिलं तरी फसगत होते, कमी लिहिलं तरी होते.

उदाहरणासाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतो, कारण ओळ हातात धरण्याचे सगळे प्रकार तिथे एकाच जागी बघायला मिळतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली इथे मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. १९९६ मध्ये त्याचं नाव पोस्टग्रेसक्यूएल झालं, आणि १९९८ च्या ६.४ या आवृत्तीत यान वीक यांनी लिहिलेली पीएल/पीजीएसक्यूएल ही भाषा आली. पोस्टग्रेसमधले बहुतेक ट्रिगर आजही याच भाषेत लिहिले जातात. ती ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएलच्या वळणावर घडवलेली आहे, आणि ओरॅकलच्या भाषेचं वळण 'एडा' या भाषेचं. वस्तू वापरण्याआधी तिचा प्रकार सांगा, ही एडाची शिस्त अशी दोन पिढ्या खाली उतरत आपल्या दूध केंद्रापर्यंत आली आहे.

आता ओळ हातात येते कशी ते बघू. ओळीगणिक चालणाऱ्या ट्रिगरमध्ये दोन व्हेरिएबल आयती मिळतात, 'न्यू' आणि 'ओल्ड'. नवी ओळ घालताना 'न्यू' भरलेलं असतं, ओळ काढून टाकताना 'ओल्ड', आणि बदल करताना दोन्ही. ती जाहीर करावी लागत नाहीत. ज्या टेबलाला ट्रिगर लावला, त्या टेबलाची घडण घेऊनच ती येतात: कोणते कॉलम, कोणत्या क्रमाने, कोणत्या मापाचे, सगळं. 'न्यू'मधल्या एखाद्या कॉलममध्ये आपण आकडा भरला की तो त्या कॉलमच्या मापातच बसवला जातो.

म्हणून 'न्यू'मधला प्रत्येक कॉलम वेगळ्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घेऊ नका. लिटर एका व्हेरिएबलमध्ये, फॅट दुसऱ्यात, एसएनएफ तिसऱ्यात, असं सुरुवातीला ओळीने मांडून ठेवलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. दिसायला ते नेटकं दिसतं. पण प्रत्येक प्रतीला नवा प्रकार लिहावा लागतो, आणि हाताने लिहिलेला प्रत्येक प्रकार टेबलापासून फारकत घ्यायला मोकळा होतो.

ही फारकत काय करते ते एका केंद्राच्या हिशेबात मी जवळून पाहिलं. दर दहा पैशांच्या पटीत असायचे, तेव्हा लिहिलेलं फंक्शन होतं. दरासाठी व्हेरिएबल जाहीर केलं होतं न्यूमेरिक (४,१) असं, म्हणजे एकूण चार अंक आणि दशांशानंतर एक. पुढे दरपत्रक पाच पैशांच्या टप्प्याचं झालं. टेबलातला कॉलम कोणीतरी रीतसर रुंद केला, दशांशानंतर दोन अंक. फंक्शनकडे बघायचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही. गाईच्या दुधाला, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला, दरपत्रकात ३४.६५ रुपये होते. फंक्शनने दर उचलला, आपल्या अरुंद व्हेरिएबलमध्ये ठेवला, आणि ठेवताना तो ३४.७ झाला. चूक दाखवणारा संदेश नाही, इशारा नाही. न्यूमेरिक प्रकारात जास्तीचे दशांश गोल करून घेणं हा नियमच आहे, आणि पाच आला की तो वरच्या बाजूला जातो. त्यामुळे पाच पैशांवर संपणारा प्रत्येक दर पाच पैशांनी चढा लागत होता. हजार लिटरमागे ५० रुपये. दर दहा दिवसांनी बिल निघायचं, दूध संघाकडून आलेल्या रकमेशी ते जुळायचं नाही, आणि सचिव बिचारे काटा तपासत होते, फॅट मशीन तपासत होते.

याला इलाज अगदी छोटा आहे. मापाचा आकडा स्वतः लिहायचा नाही. 'दरपत्रक टेबलातल्या दर कॉलमचा जो प्रकार असेल तो' असं लिहायचं. पोस्टग्रेसमध्ये टेबल, टिंब, कॉलम आणि पुढे '%टाइप' लावलं की हेच सांगितलं जातं. कॉलमचं माप, दशांश, सगळं त्यातून येतं. कॉलम उद्या रुंद झाला तर डेटाबेसशी होणाऱ्या नव्या जोडणीत फंक्शन नवं माप आपोआप उचलतं. 'नव्या जोडणीत' हे मुद्दाम म्हणतो. आधीपासून उघड्या असलेल्या जोडणीत फंक्शन एकदा वाचून तयार ठेवलेलं असतं आणि ते जुन्याच मापाने चालत राहू शकतं. सॉफ्टवेअर जोडण्यांचा साठा धरून ठेवत असेल तर कॉलम बदलल्यावर त्या जोडण्या बंद करून पुन्हा उघडाव्यात. नाहीतर सकाळच्या काही पावत्या एका मापाने आणि काही दुसऱ्या मापाने निघतील, आणि हा घोळ निस्तरणं पहिल्यापेक्षा अवघड.

एकच आकडा हवा असेल तर '%टाइप' पुरतं. पुष्कळदा मात्र दुसऱ्या टेबलातली अख्खी ओळ लागते. दरपत्रकाच्या ओळीत फॅट, एसएनएफ, दर, लागू तारीख, शेरा असं सगळं आहे आणि फंक्शनला त्यातल्या तीन-चार गोष्टी हव्या आहेत. अशा वेळी 'दरपत्रक%रोटाइप' हा प्रकार घ्यावा, म्हणजे दरपत्रक टेबलाच्या ओळीच्या घडणीचं एक व्हेरिएबल, समजा 'दर_ओळ'. पोस्टग्रेसमध्ये टेबल तयार झालं की त्याच नावाचा ओळीचा प्रकारही तयार होतो, त्यामुळे नुसतं 'दरपत्रक' लिहिलं तरी चालतं. तरीही '%रोटाइप' लिहावं असं माझं मत आहे. सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला ती टेबलाची ओळ आहे हे पाहता क्षणी कळतं, आणि ओरॅकलवरून आलेल्या माणसाला ती खूण ओळखीची असते.

इथे टेबलाचं नाव मी देवनागरीत लिहितो आहे ते केवळ लेखापुरतं नाही. युनिकोडमध्ये ठेवलेला पोस्टग्रेस डेटाबेस टेबलांची आणि कॉलमांची देवनागरी नावं बिनतक्रार घेतो. फक्त नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणजे २१ चिन्हं. त्यापुढचं नाव छाटलं जातं.

अख्खी ओळ उचलताना तीन ठिकाणी पाय घसरतो, आणि तिन्ही ठिकाणी यंत्रणा गप्प राहते.

दरपत्रकात त्या फॅटची ओळच नसेल तर? व्हेरिएबलचे सगळे कॉलम रिकामे राहतात, म्हणजे नल. लिटर गुणिले नल म्हणजे नल. रकमेचा कॉलम सक्तीचा नसेल तर पावती रकमेविना छापली जाते. ओळ सापडायलाच हवी असेल तर शोधताना 'स्ट्रिक्ट' हा शब्द लावावा. मग ओळ नसली तरी चूक उठते आणि एकाऐवजी दोन ओळी सापडल्या तरी उठते. स्ट्रिक्ट नसताना दोन सापडल्या तर पहिली मिळेल ती घेतली जाते, आणि 'पहिली' कोणती हे क्रम सांगितल्याशिवाय ठरत नाही.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. ओळ सापडली का हे बघायला माणूस सहज लिहून जातो, 'दर_ओळ नल नसेल तर'. वाचायला स्वाभाविक वाटतं. पण एसक्यूएलच्या नियमाप्रमाणे अख्खी ओळ 'नल नाही' ठरायला तिच्यातला प्रत्येक कॉलम भरलेला लागतो. दरपत्रकात शेऱ्याचा कॉलम आहे आणि तो बहुतेक वेळा रिकामाच असतो. म्हणजे ओळ सापडली, दर आहे, तारीख आहे, तरी शेरा रिकामा म्हणून अट खोटी. उलट बाजूने 'ओळ नल आहे' हे सगळे कॉलम रिकामे असतील तरच खरं. त्यामुळे शेरा रिकामा असलेली ओळ 'नल आहे' या अटीतही बसत नाही आणि 'नल नाही' या अटीतही बसत नाही. हा नियम माहीत नसताना समोर आला तर माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवेनासा होतो. ओळ मिळाली की नाही हे विचारायला पोस्टग्रेसने 'फाउंड' नावाचं व्हेरिएबल दिलं आहे, ते वापरावं. जुनी आणि नवी ओळ खरंच वेगळी आहे का हे बघायचं असेल तर 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' ही तुलना करावी. तिला नलची बाधा होत नाही.

तिसरी जागा क्रमाची. रोटाइपच्या व्हेरिएबलमध्ये मोजकेच कॉलम उचलून भरले, तर ते नावाने जुळत नाहीत, क्रमाने जुळतात. तुम्ही 'दर, फॅट' असं उचललं आणि टेबलात क्रम 'फॅट, दर' असा असेल, तर दोन्ही आकडेच असल्यामुळे फॅटच्या जागी दर बसतो आणि दराच्या जागी फॅट. कमी पडलेले कॉलम नलने भरले जातात, जास्तीचे सोडून दिले जातात. म्हणून रोटाइप घेतलं की टेबलाची अख्खी ओळच उचलावी.

मोजकेच कॉलम हवे असतील, किंवा सभासद आणि दरपत्रक जोडून तयार झालेली, कोणत्याच टेबलाची नसलेली ओळ हवी असेल, तर 'रेकॉर्ड' घ्यावं. रेकॉर्डला स्वतःची घडण नसते. जी ओळ त्यात ठेवाल तिची घडण ते घेतं, कॉलमांच्या नावांसकट. पुढच्या वेळी वेगळी ओळ ठेवली तर तिची. ही सोय मोठी आहे, पण तिची किंमत आहे. फंक्शन तयार करताना पोस्टग्रेस फक्त व्याकरण तपासतो. 'न्यू'ही रेकॉर्डच, त्यामुळे 'न्यू.लिटर' ऐवजी 'न्यू.लीटर' लिहिलं तर तेव्हा काहीच होणार नाही. पहाटे पहिली किटली काट्यावर चढेल तेव्हा 'असा कॉलम नाही' म्हणून फंक्शन थांबेल. चेक प्रोग्रॅमर पावेल स्तेहुले यांचं पीएलपीजीएसक्यूएल-चेक हे साधन अशा चुका आधी पकडतं, कारण ट्रिगर कोणत्या टेबलाला लागणार हे त्याला सांगता येतं. पण ज्या रेकॉर्डची घडण चालताना ठरते, त्याबद्दल त्यालाही फार काही सांगता येत नाही.

रेकॉर्डची खरी गरज भासते ती एकच फंक्शन अनेक टेबलांना लावताना. कोणी, केव्हा, काय बदललं याची नोंद ठेवणारा ट्रिगर सभासद टेबलालाही हवा असतो, दूध नोंदीलाही आणि उचल टेबलालाही. इथे हातात कोणत्या टेबलाची ओळ येईल हे लिहिताना आपल्याला खरोखरच माहीत नसतं, आणि रेकॉर्ड हेच त्याचं प्रामाणिक उत्तर आहे. या ठिकाणी कोणी जुन्या फंक्शनमधून 'दूध_नोंद%रोटाइप' उचलून आणलं आणि ते फंक्शन सभासद टेबलाला लावलं, तर नशीब चांगलं असेल तर परत येणाऱ्या ओळीची घडण टेबलाशी जुळत नाही म्हणून चूक उठते. पोस्टग्रेसने इथे एक विचार चांगला केला आहे: एकच फंक्शन अनेक टेबलांना लावलं तर प्रत्येक टेबलासाठी त्याची तयार प्रत वेगळी ठेवली जाते. म्हणून एका टेबलात 'क्रमांक' हा आकडा असेल आणि दुसऱ्यात मजकूर, तरी एकाच फंक्शनमधलं 'न्यू.क्रमांक' दोन्हीकडे नीट चालतं.

कॉलमचं नावसुद्धा चालतानाच कळणार असेल तर? 'न्यू' टिंब आणि पुढे व्हेरिएबल असं लिहिता येत नाही. टिंबापुढचं नाव शब्दशः घेतलं जातं. अशा वेळी अख्खी ओळ नाव-मूल्याच्या जोड्या ठेवणाऱ्या जेसनबी प्रकारात बदलून घ्यावी आणि त्यातून नावाने मूल्य काढावं. जेसनबी २०१४ मध्ये ९.४ आवृत्तीबरोबर आलं आणि ओळीचं थेट जेसनबी करणारं फंक्शन त्यापुढच्या ९.५ मध्ये. बदलांची नोंद ठेवायला मला आता हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते. मूळ टेबलात कॉलम वाढला, घटला, तरी नोंद टेबलाला हात लावावा लागत नाही.

जुनी पद्धत अशी होती, आणि अजूनही सर्रास आहे, की मूळ टेबलासारखंच एक इतिहास टेबल करायचं, शेवटी 'कोणी' आणि 'केव्हा' असे दोन कॉलम जोडायचे, त्यांना आपोआप भरली जाणारी मूल्यं द्यायची आणि ट्रिगरमध्ये 'न्यू.*' म्हणून अख्खी ओळ ओतायची. कॉलमांची नावं लिहायचा कंटाळा वाचतो. मग एक दिवस मूळ टेबलात 'कॅन क्रमांक' हा मजकुराचा कॉलम वाढतो. इतिहास टेबलात तो कोणी वाढवत नाही. आता 'न्यू.*'मधून एक मूल्य जास्त येतं, आणि ते क्रमाने पुढच्या कॉलममध्ये जाऊन बसतं: 'कोणी' मध्ये. तोही मजकुराचाच कॉलम, त्यामुळे तक्रार नाही. बदल कोणी केला या प्रश्नाचं उत्तर त्या दिवसापासून 'कॅन १२' असं साठत जातं. वाद होऊन कोणी इतिहास उघडेपर्यंत हे लक्षातच येत नाही. प्रकार जुळले नसते तर निदान चूक उठली असती. पण तेव्हा मूळ नोंदही अडली असती, कारण ट्रिगर त्याच व्यवहाराचा भाग असतो. रांग उभी आणि पावती निघत नाही.

ओळ परत करतानाही प्रकाराचं भान लागतं. नोंदीच्या आधी चालणाऱ्या ट्रिगरने नल परत केलं, तर 'या ओळीचं काम सोडून द्या' असा त्याचा अर्थ होतो. तेच फंक्शन ओळ काढून टाकण्यालाही लावलं आणि शेवटी सरसकट 'न्यू' परत केलं, तर काय होईल? काढताना 'न्यू' नल असतं. ओळ काढली जात नाही, आणि चूकही उठत नाही. 'शून्य ओळी काढल्या' एवढंच उत्तर येतं. ११ व्या आवृत्तीपूर्वी काढताना 'न्यू'मधला कॉलम वाचायला गेलं की 'न्यू' भरलेलंच नाही म्हणून फंक्शन थांबायचं. जुन्या आवृत्तीवरून नव्यावर येणाऱ्यांनी हे मुद्दाम तपासावं. क्रिया कोणती हे 'टीजी-ओपी' या व्हेरिएबलमध्ये असतं. ते बघून काढताना 'ओल्ड' परत करावं.

दुसऱ्या डेटाबेसमध्ये हाच प्रश्न वेगळ्या तोंडाने भेटतो. ओरॅकलमध्ये 'न्यू' ही अख्खी ओळ म्हणून रोटाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवता येत नाही, एकेक कॉलम उतरवावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये ओळीचं व्हेरिएबलच नाही, मारियाडीबीने १०.३ आवृत्तीत ते आणलं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रिगर ओळीगणिक चालतच नाही, आदेशागणिक एकदा चालतो आणि बदललेल्या सगळ्या ओळी तात्पुरत्या टेबलांत देतो. ते न कळता एकाच व्हेरिएबलमध्ये मूल्य उचललं तर शंभर ओळींपैकी एकीचाच हिशेब होतो. पोस्टग्रेसमध्येही २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून आदेशागणिक ट्रिगरला बदललेल्या ओळींचं टेबल मिळतं. महिनाभराच्या नोंदी एकदम चढवायच्या असतील तर तोच मार्ग घ्यावा. तिथे ओळीच्या व्हेरिएबलची गरजच उरत नाही.

तुमच्याकडे चालू डेटाबेस असेल तर आज एक काम करा. ट्रिगर फंक्शनांचा मजकूर काढून त्यात दोन गोष्टी शोधा: हाताने लिहिलेली मापं आणि 'न्यू.*'. मापांच्या जागी '%टाइप' लावा, आणि 'न्यू.*'च्या जागी कॉलमांची नावं दोन्ही बाजूंना लिहून काढा. मग इतिहास टेबल उघडून 'कोणी' या कॉलममध्ये खरंच माणसांची नावं आहेत का, ते एकदा डोळ्यांखालून घाला.